खाणीच्या मातीचं भित्तिशिल्प: लाल रंग आणि गोव्याचा पाऊस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिचोली तालुक्यातल्या तुमच्या गावात पंचायतीच्या आवाराला १८ फूट लांब आणि ६ फूट उंच भिंत आहे. शाळेची मुलं आणि गावकरी मिळून तिच्यावर सिरॅमिकचं भित्तिशिल्प करायचं आहे. त्यात गावाच्या पोटातले थर यावेत, खाणींचा इतिहास यावा, आणि शक्य तर ते खाणीच्याच मातीचं असावं. ही माती थेट भाजता येईल का, पावसात टिकेल का आणि चित्रात नेमकं काय दाखवावं, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते या तिन्ही प्रश्नांच्या मागे एकच प्रश्न आहे. तुम्हाला तो लाल रंग हवाय, रस्त्याकडेच्या झाडांवर आणि उन्हाळ्यात घरांच्या पायऱ्यांवर बसायचा तो. मातीतलं लोह भट्टीत साधारण १०५० अंश सेल्सिअसपर्यंत लाल राहतं, त्यापुढे ते तपकिरी आणि मग काळपट होत जातं. उलट गोव्याचा पाऊस उघड्यावर झेलणारी, पाणी न पिणारी घट्ट फरशी साधारण १२०० अंशांच्या पुढेच तयार होते. म्हणजे लाली एका तापमानाला मिळते आणि मजबुती दुसऱ्या. चित्र काढायला बसण्याआधी याचा निकाल लावायला हवा.

माझा सल्ला आधीच सांगते. फरशीचं अंग, म्हणजे तिचा मूळ गाभा, पारखलेल्या मातीचं करा. खाणीचा माल त्या अंगावर स्लिप (पातळ मातीचा लेप) आणि ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा थर) म्हणून चढवा. खरा लाल रंग फक्त छपराच्या आडोशाला ठेवा. आता कारणं.

त्याआधी एक गोष्ट. काही उत्तरं जागा पाहिल्याशिवाय देता येत नाहीत. भिंत चिऱ्याची आहे की काँक्रीटची, तिच्या मागे मातीचा भराव आहे का, तोंड पश्चिमेला आहे का, भट्टी विजेची मिळणार की गॅसची, आणि तुम्ही ज्याला खाणीची माती म्हणताय ती नेमकी कुठल्या थरातली, यावर खूप काही बदलतं. शेवटचा मुद्दा तर सगळ्यात महत्त्वाचा.

कारण खाणीत एक माती नसते. एखाद्या बंद खाणीच्या कडेला उभं राहून समोरच्या कापलेल्या पायऱ्या बघितल्यात तर वरपासून खालपर्यंत रंग बदलत जाताना दिसतात, आणि भट्टीत त्यातला प्रत्येक रंग वेगळा वागतो. सगळ्यात वर जांभा. पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियमची हायड्रॉक्साइडं, थोडं केओलिन (चिनी माती) आणि क्वार्ट्झ उरलं, तो हा थर. ताजा कापलेला चिरा मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो, हे आपल्याकडे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण चिरा दळून मळायला घेतलात तर तांदळाच्या कोरड्या पिठासारखा वागतो, लाटला की कडा चिरतात. भाजताना त्यातलं बांधलेलं पाणी निघून जातं म्हणून वजन बरंच घटतं, आणि ॲल्युमिनामुळे तो सहजी वितळून घट्टही होत नाही. निव्वळ जांभ्याच्या फरश्या करायचा हट्ट धरू नका. तो कुटून, चाळून दुसऱ्या मातीत १० ते १५ टक्के ग्रॉग, म्हणजे भरड, म्हणून घातला तर मात्र छान खरखर येते आणि फरशी वाळताना वाकडी होत नाही.

जांभ्याखाली खनिज. आधी ढेकळं, मग भुकटी. गोव्याच्या लोहखनिजाचा मोठा भाग भुकटीचाच आहे. मुख्यतः हेमॅटाइट, म्हणजे आम्ही मातीकाम करणारे दुकानातून ‘रेड आयर्न ऑक्साइड’ म्हणून पाकिटात विकत आणतो तेच, फक्त सोबत सिलिका, ॲल्युमिना आणि कधी मँगनीज घेऊन आलेलं. ही भुकटी म्हणजे रंग. तिच्यात चिकटपणा अजिबात नसतो, म्हणून तिची फरशी होत नाही. पण एखाद्या साध्या पारदर्शक ग्लेझमध्ये ती १ ते २ टक्के घालून गॅसच्या भट्टीत धुराळ, कमी हवेच्या वातावरणात भाजली तर हिरवट-निळसर छटा मिळते. ८ ते १० टक्क्यांना गडद तपकिरी-काळा येतो. त्याच्या पुढे गेलात की ग्लेझला लोह पचत नाही आणि थंड होताना ते पृष्ठभागावर स्फटिक होऊन बसतं, गंजाच्या आणि धातूच्या चमकेसह. ग्लेझमध्ये हाडांची राख आणि टाल्क योग्य प्रमाणात असेल तर याच जास्त लोहातून १२०० अंशांच्या वरही टोमॅटोसारखा लालसर रंग काढता येतो. सुंदर असतो, पण तो जांभ्याचा लाल नव्हे, आणि भट्टी थंड व्हायचा वेग थोडा बदलला तरी तो तपकिरी होतो. तुमच्या भिंतीला लागतील तेवढ्या, म्हणजे साधारण २५० फरश्यांच्या कामात मी त्याच्यावर भिस्त ठेवणार नाही.

खनिजाच्या आजूबाजूला आणि खाली पट्टेदार दगड असतो. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला ‘बँडेड हेमॅटाइट क्वार्ट्झाइट’ म्हणतात, खाणीवरचे लोक ‘बीएचक्यू’. लोहाची एक गडद रेघ, सिलिकाची एक फिकी रेघ, पुन्हा लोह. अडीच अब्ज वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाशी बसत गेलेले हे थर पुढे दबले, वाकले, दुमडले. तुमच्या तालुक्याचं नाव या खडकांनी जगभर नेलंय: ते ज्या समूहात मोडतात त्याला भूगर्भशास्त्रात डिचोलीच्या इंग्रजी नावावरून ‘बिचोलिम फॉर्मेशन’ असंच म्हणतात. हा दगड दळू नका. त्याचं काम चित्रात आहे, भट्टीत नाही. दळला तर हाती लागते ती सिलिकाची धूळ, आणि ती फुप्फुसात बसली की बाहेर येत नाही.

आता खरी उपयोगाची वस्तू: फिलाइटची, म्हणजे त्या नावाच्या पापुद्र्यांच्या खडकापासून झालेली माती. खाणीच्या कडांना गुलाबी, पिवळसर, पांढरट, कधी जांभळट असा मऊ थर दिसतो. बोटांमध्ये चोळला तर साबणासारखा लागतो, कारण त्यात बारीक अभ्रक असतं. त्या अभ्रकातलं पोटॅश भट्टीत वितळायला मदत करतं. खाणीतल्या सगळ्या मालात मातीकामाच्या सगळ्यात जवळचा हाच. मात्र जागोजागी तो इतका बदलतो की एका डंपवरची (खाणीतून उपसून टाकलेल्या ढिगावरची) माती उत्तम निघावी आणि पलीकडच्या डंपवरची भट्टीत फुगून यावी. त्यामुळे नमुना भाजून पाहिल्याशिवाय त्याबद्दल काही ठरवता येत नाही.

राहिलं टेलिंग. खनिज धुतल्यावर उरलेला गाळ, जो तळ्यात साठवतात. तो इतका बारीक असतो की चाळायची मेहनत वाचते. स्लिपसाठी मला तो फार आवडतो. पाण्यात ढवळायचा, थोडा सोडियम सिलिकेट घालायचा, रात्रभर बसू द्यायचा आणि वरचा पातळ भाग अलगद ओतून घ्यायचा. तो पातळ भाग वाळलेल्या फरशीवर दोन-तीन हात देऊन गुळगुळीत दगडाने घोटलं आणि १००० अंशांच्या आसपास भाजलं की ग्लेझशिवाय मंद चमक असलेला लाल मिळतो. तुम्हाला हवा आहे तो हाच. काही गाळात चिकणाई कमी असते, मग तो भाजल्यावर हाताला लागतो. त्यात फिलाइट किंवा बॉल क्ले (विकत मिळणारी चिकट माती) १० ते २० टक्के मिसळावी लागते.

तुम्ही इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचं उदाहरण दिलंय, तिथल्या सेंट ऑस्टेल गावात चौकात सिरॅमिकचं उंच शिल्प उभं आहे, मग आपल्याकडे का नाही, असं. तिथलं ते शिल्प २०२२ साली उभं राहिलं आणि खरोखरच पाहण्यासारखं आहे. पण तिथे खाणीतून निघते ती चिनी माती, म्हणजे सिरॅमिकचं अंगच. आपल्या खाणीतून निघतो तो रंग. या एका फरकामुळे त्यांची पद्धत आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही.

मग अंग कुठून आणायचं? डिचोलीत आणि मयेत कुंभारकामाची परंपरा आहे, चवथीचे गणपतीही तिथल्या चिकणमातीचे होतात. गावात किंवा शेजारी जुना कुंभार असेल तर आधी त्यांच्याकडे जा. कुठल्या शेताची माती धरते आणि कुठली फुटते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. फक्त खाजन, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीची माती घेऊ नका. तिच्यात मीठ असतं, जे वाळताना पांढरं होऊन वर येतं, आणि शिंपल्यांचे तुकडे असतात. शिंपला भट्टीत जळून कळीचा चुना होतो, पुढे हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि काही आठवड्यांनी फरशीचा टवका उडवतो. भट्टीतून उत्तम निघालेली फरशी महिन्याभराने अशी फुटली की लोक भाजणाऱ्याला नावं ठेवतात.

शेतातली लाल माती १००० ते १०५० अंशांना टेराकोटा म्हणून चांगली होते, पण ११५० च्या पुढे नेली तर तिच्यातलं लोहच तिला वितळवायला लागतं आणि फरशी फुगते, वाकते. म्हणून उंच तापमानाच्या भागासाठी वेगळी माती लागेल. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला खादी आयोगाची मातीकामाची संस्था आहे, त्या भागात चांगली माती मिळते आणि भाषेचीही अडचण नाही. त्यात बॉल क्ले, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ मिसळून १२०० ते १२२० अंशांना घट्ट होणारं मिश्रण तयार करता येतं. तयार मिश्रणही विकत मिळतं. पहिल्याच कामाला तयार घ्या असं मी सुचवेन, कारण मुलांसोबत काम करताना एक तरी गोष्ट भरवशाची असावी.

मातीची परीक्षा अवघड नाही, पण टाळू नका. प्रत्येक नमुन्याच्या १४ सेंटीमीटर लांब पट्ट्या करा, ओलेपणीच त्यांच्यावर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ मारा. वाळल्यावर आणि भाजल्यावर रेघ मोजली की आकसण्याचं प्रमाण कळतं. १२ टक्के आकसणाऱ्या मातीत २० सेंटीमीटरची तयार फरशी हवी असेल तर ओली फरशी सुमारे २२.७ सेंटीमीटरची कापावी लागते. मग भाजलेली पट्टी कोरडी तोला, पाच तास उकळा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवा, ओल्या फडक्याने टिपून पुन्हा तोला. २०० ग्रॅमची पट्टी २१६ ग्रॅम झाली तर ती ८ टक्के पाणी पिते. उघड्या भागासाठी मी ३ टक्क्यांच्या आतच मान्य करते. आडोशाला १० टक्केही चालतात. या पट्ट्या १०००, १०५०, ११५० आणि १२०० अंशांना भाजून एका फळीवर ओळीने लावा. गावाच्या बैठकीत दाखवायला याहून चांगलं काही नाही. एकच माती लाल ते काळी कशी होत जाते हे लोक डोळ्यांनी पाहतात, आणि मग रंगाबद्दलचे वाद निम्मे होतात.

मुलं यात असणार म्हणून थोडं कडक बोलते. कोरडी भुकटी मुलांच्या हाती द्यायची नाही. सगळं मिसळणं ओलं, झाडणंही ओल्या फडक्याने. चाळायचं काम मोठ्यांनी, साध्या कापडी नव्हे तर चांगल्या दर्जाच्या धूळरोधक मास्कसह करायचं. खनिजात काळ्या, हाताला काजळीसारख्या लागणाऱ्या रेघा दिसल्या तर ते मँगनीज असू शकतं. सांगे-केपे भागात ते जास्त, पण उत्तरेतही आढळतं. त्याचा रंग देखणा येतो, तपकिरीपासून जांभळट काळ्यापर्यंत. पण भट्टीत त्याची वाफ निघते आणि ती मज्जासंस्थेला घातक असते. भट्टी बंद वर्गात किंवा वर्गाला लागून कधीच नको.

आता भिंत. इथे बरीच कामं फसतात, आणि दोष उगाच मातीला लागतो. युरोपातल्या पुस्तकांत बर्फाची भीती घातलेली असते: फरशीत शिरलेलं पाणी गोठतं, प्रसरण पावतं आणि फरशी फोडतं. आपल्याला ती काळजी नाही. याचा पुरावा आपल्या डोक्यावरच आहे. मंगळुरी कौलं ही साधी, ग्लेझ नसलेली टेराकोटा. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून ती या किनाऱ्यावर पाऊस झेलतायत. शेवाळाने काळी पडतात, पण वर्षानुवर्षं टिकतात. मग भिंतीवरची टेराकोटा का सोलते? कारण कौल उतरतं असतं आणि दोन्ही बाजूंनी वाळतं. भिंतीवरच्या फरशीची पाठ बंद असते. तिच्या मागे ओलावा आला तर बाहेर पडायला तिच्यातूनच वाट शोधतो, आणि येताना चिऱ्यातलं, सिमेंटमधलं मीठ घेऊन येतो. पाणी उडून जातं, मीठ ग्लेझच्या मागे स्फटिक होऊन बसतं आणि ग्लेझ ढकलतं. लोणा लागलेल्या भिंतीचा गिलावा कसा पडतो ते तुम्ही पाहिलंय, तसंच.

पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातले निळे-पांढरे आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या फरश्या, अनेकांनी पाहिले असतील, पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासोने १९३५ साली केलेले. आझुलेजोचं अंग कमी तापमानाचं, पाणी पिणारंच असतं. ते चांगले राहिलेत यात त्या दालनाच्या छपराचा वाटा मोठा आहे. हल्ली बंगल्यांच्या उघड्या फाटकांवर तसल्याच रंगवलेल्या फरश्या लावतात आणि काही पावसाळ्यांत कडा उडाल्या की आश्चर्य करतात.

म्हणून भिंत चिऱ्याची असेल तर तिच्यावर थेट काही चिकटवू नका. चिरा जमिनीतलं पाणी वर ओढतो. भिंतीपासून इंचभर अंतर सोडून स्टेनलेस स्टीलची चौकट बसवा, तिच्यावर सिमेंट फायबर बोर्ड, त्यावर पॉलिमर मिसळलेल्या टाइल ॲडहेसिव्हने फरश्या. डिचोलीला ३०४ दर्जाचं स्टील पुरेल. हेच काम समुद्राकाठी मुरगावच्या धक्क्याजवळ असतं तर मी ३१६ सांगितलं असतं. तळाशी फरश्यांचं वजन पेलणारी पट्टी हवी. जाड, उठावाच्या फरश्यांना ॲडहेसिव्हशिवाय स्टीलच्या क्लिपाही हव्यात, नुसत्या गोंदावर मुलांच्या डोक्याच्या उंचीचं वजन टांगायचं नाही. दीड सेंटीमीटर जाडीच्या घट्ट फरशीचं वजन चौरस मीटरला सुमारे ३३ किलो होतं. तुमची भिंत १० चौरस मीटरची. उठाव आणि ॲडहेसिव्ह धरून ४०० ते ५०० किलो होतील, आणि त्यासाठी ६०० ते ७०० किलो ओली माती लागेल. चौकटीची रचना मात्र अभियंत्याकडूनच करून घ्या, पंचायतीच्या कामाला तसाही सही-शिक्का लागतोच.

फरश्यांमध्ये ५ मिलिमीटरची दरज ठेवा आणि दर ३ मीटरला एक लवचिक सांधा. उन्हात फरशी आणि बोर्ड सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यांना हलायला जागा लागते. तुमच्या भिंतीला मधोमध असा एक उभा सांधा येईल. त्याच्याकडे पुन्हा येते.

वर छज्जा हवाच, किमान दोन फुटांचा, खालच्या कडेला पाणी ठिबकायची खाच असलेला. तरी जुलैचा तिरका पाऊस सहा फूट उंचीच्या भिंतीचा खालचा भाग भिजवणारच. वरचे दीड-दोन फूट बरेच कोरडे राहतील. जमिनीलगतच्या दीड फुटावर चिखल उडणार. आता ही भिंत आणि खाणीचा छेद शेजारी ठेवून बघा. छेदात लाल जांभा सगळ्यात वर असतो. भिंतीवर लाल रंग टिकेल अशी जागाही सगळ्यात वर आहे. मधला पट्टा गडद खनिजाचा, तो उंच तापमानाचा, काळा-तपकिरी, धातूच्या चमकेचा. तळाशी पट्टेदार दगड दाखवणाऱ्या फरश्या, सगळ्यात कठीण भाजलेल्या, चिखल उडाला तरी पाण्याने धुता येणाऱ्या. सुरुवातीला जो पेच सांगितला तो इथे सुटतो. लाल आणि मजबुती एकाच फरशीत मिळाली नाही, तरी एकाच भिंतीवर मिळते, आणि तीही भूगर्भाच्या क्रमाने.

तर आतापर्यंतचं: वर टेलिंगच्या स्लिपची, १००० अंशांची टेराकोटा. खाली १२०० अंशांचं अंग आणि खनिजाची ग्लेझ. मागे हवा खेळती. माती आधी पट्ट्यांवर तपासलेली.

चित्राबद्दल. उभ्या दिशेने खोली मोजा, आडव्या दिशेने काळ. पोर्तुगीज राजवटीत दिलेले खाणपट्टे, दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झालेली निर्यात, पन्नासच्या दशकात जपानला जाणारा माल, मांडवी-जुवारीतल्या बार्जांची रांग, चीनची मागणी वाढल्यावर आलेले ट्रकच ट्रक, २०१०-११ला ५ कोटी टनांच्या वर गेलेली निर्यात, सप्टेंबर २०१२ची खाणबंदी, २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने घातलेली वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा, मार्च २०१८ला पुन्हा थांबलेलं काम, आणि लिलावानंतर काही पट्ट्यांत नव्याने सुरू झालेलं. काळाचं माप सारखं ठेवायची गरज नाही. मधोमध येणारा तो लवचिक सांधा आठवतो? त्याला २०१२चं स्थान द्या. बंदीआधीच्या साठ-पासष्ट वर्षांना अर्धी भिंत आणि नंतरच्या वर्षांना अर्धी. तुमच्या गावात ट्रकचे हप्ते अंगावर पडलेल्या घरांना हे माप खोटं वाटणार नाही.

दुसरं एक प्रमाण वापरण्यासारखं आहे. गोव्यात एक टन खनिज काढायला सुमारे अडीच ते तीन टन बाकीचा माल उपसावा लागे. मधल्या पट्ट्यात चारातली एकच फरशी चमकदार ग्लेझची करा, तीन मंद, खरखरीत, फिलाइटच्या रंगाच्या. खाली पाटी न लावता डंप किती मोठे होते ते कळतं. मला स्वतःला भित्तिशिल्पावर फावडं घेतलेला कामगार, ट्रक आणि उगवता सूर्य काढलेला आवडत नाही. चित्र काढायचंच तर ओल्या मातीत खरी वस्तू दाबा. टिप्परच्या टायरची नक्षी, बार्जच्या दोरखंडाचा पीळ, चाळणीची जाळी, भाताच्या लोंब्या, ज्या शेतात डंपचा गाळ उतरला तिथल्या पेंढ्याच्या काड्या. मुलांना हे जमतं, आणि प्रत्येक फरशीमागे कुणाच्या तरी घरातली वस्तू असते.

गाव एकमताने बोलणार नाही, हे धरून चाला. खाणीने घर बांधून दिलं म्हणणारा आणि खाणीने विहीर आटवली म्हणणारा एकाच वाड्यावर राहतात, कधी एकाच चुलीवर जेवतात. निवाडा करायचं काम भिंतीला देऊ नका. दोघांनाही फरश्या द्या. शिरगावची जत्रा, मयेचं तळं, आटलेली झर, पहिली बार्ज घेणारा आजोबा, ज्याला जे आठवतं ते त्याने करावं. मर्यादा फक्त थराची आणि रंगाची ठेवा, म्हणजे विषय कितीही पांगले तरी भिंत एकसंध दिसते. नाव-गाव लिहिलेल्या देणगीदारांच्या फरश्या मात्र शिल्पात घुसू देऊ नका. त्यांच्यासाठी बाजूला वेगळी पट्टी करा.

संदर्भ शोधायला लांब जाऊ नका. जुन्या देवळांवरची कावी कला बघा, चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा लाल थर देऊन तो खरवडून काढलेली चित्रं. तिथेही रंग जमिनीतलाच आहे आणि दोन रंगांत सगळं सांगितलंय. सांग्याच्या बाजूला कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या खडकावर कोरलेले बैल आणि चक्रव्यूह आहेत, मुलांना एकदा घेऊन जा. रेघ किती कमी लागते ते तिथे कळतं. स्लिप खरवडून चित्र काढायची रीत या दोन्हींना जवळची आहे आणि ग्लेझने रंगवण्यापेक्षा मुलांना सोपी.

परवानगीचं टाळू नका. डंप बेवारस दिसला तरी तो कुणाचा तरी असतो, आणि पोतंभर माल उचलतानाही खाण खात्याला आणि पट्टाधारकाला लेखी विचारलेलं बरं. पंचायतीचा ठराव करून शैक्षणिक कामासाठी थोडा नमुना हवा म्हणून अर्ज करा, किती किलो आणि कुठून ते लिहा. पाण्याने भरलेल्या खाणीत किंवा टेलिंगच्या तळ्यावर मुलांना नेऊ नका. तिथला गाळ वरून सुकलेला दिसतो आणि पाय ठेवला की माणूस आत जातो.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण भट्टी भाड्याची की उसनी आणि चौकट कुणाकडून यावरच तो दुप्पट-निम्मा होतो. एवढं सांगते की चौकट, बोर्ड आणि छज्जा यांचा खर्च मातीपेक्षा जास्त येतो आणि पैसे कमी पडले की लोक नेमका तोच कापतात. कमी पडले तर शिल्प १८ऐवजी १२ फुटांचं करा. वेळेचं म्हणाल तर पावसाळ्यात पट्ट्यांच्या चाचण्या आणि बैठका उरकून घ्या. फरश्या चवथ-दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करा. पावसाळी दमटपणात फरशीच्या कडा आधी वाळतात, मध्य ओला राहतो आणि ती वाटीसारखी उचलते. फरश्या लाकडी फळ्यांमध्ये दाबून, उलटसुलट करत सावकाश वाळवा. मार्चअखेर भाजणं संपलं तर एप्रिल-मेमध्ये बसवता येतं आणि पहिल्या पावसाआधी दरजा नीट पिकतात.

देखभाल फार नाही. पावसाळा संपला की नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी. शेवाळ काढायला ॲसिड वापरू द्यायचं नाही, पंचायतीचा सफाई कामगार ते हमखास आणतो, म्हणून आधीच सांगून ठेवा. लाल पट्ट्यावर पाणी शोषू न देणारा पण वाफ जाऊ देणारा सिलेन जातीचा लेप दर काही वर्षांनी द्यावा लागेल. चमकदार वॉर्निश नको, ते ओलावा आत कोंडतं. आणि प्रत्येक जातीच्या फरश्या दहा-बारा टक्के जास्त भाजून घ्या. त्यांच्या पाठीवर मातीचं मिश्रण, स्लिपचा क्रमांक आणि तापमान ओलेपणीच कोरून ठेवा आणि त्या पंचायतीच्या कपाटात ठेवून त्यांची नोंद दप्तरात करा, कारण एखाद्या फरशीला गाडीचा धक्का लागेल तेव्हा तो डंप जागेवर असेलच असं नाही.